मिलिंदचा हात चालू होता तोवर

मिलिंद गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. दुसऱ्यांदा मिळाली ती सगळ्यांना मिळाली तशीच. त्याच्या मेव्हण्यांचा फोन आला, पलीकडे कुणीतरी रडत होतं, शब्द नीट लागले नाहीत आणि तरी सगळं कळलं. पण त्याच्या काही दिवस आधी शेवंतामावशींचा, म्हणजे मिलिंदच्या आईचा, फोन आला होता. मावशी फोनवर कायम ओरडून बोलतात. माणूस लांब असला की आवाज मोठा लागतो, असं त्यांचं साधं गणित. त्या दिवशी मात्र त्या इतक्या हळू बोलल्या की मला दुसऱ्या कानात बोट घालावं लागलं. "नंदा, मिल्याचा हात बंद पडला गं..." मी आबांच्या छापखान्यात उभी होते. लग्नपत्रिका चालू होत्या. मी खूण केली तशी आबांनी, माझ्या वडिलांनी, मशीन थांबवलं, आणि त्या शांततेत मला कळून चुकलं की आता हा राहत नाही. पुढचं सगळं नुसतं घडायचं बाकी होतं.

ज्यांच्या घरात डायलिसिसचं माणूस नाही त्यांना 'हात बंद पडला' म्हणजे काय हे सांगायला हवं. किडन्या गेलेल्या माणसाचं रक्त आठवड्यातून दोन-तीनदा मशीनमधून धुऊन परत अंगात घालतात. त्यासाठी रक्त भरपूर आणि जोरात बाहेर यावं लागतं, आणि आपल्या हातावर दिसणाऱ्या साध्या शिरेला तेवढा जोर नसतो. म्हणून शस्त्रक्रिया करून हातातली धमनी आणि शीर एकमेकींना जोडतात. मग ती शीर फुगते, दोरीसारखी वर येते, आणि तिच्यातून रक्त असं धावतं की त्वचेवर नुसतं बोट ठेवलं तरी आत थरथर लागते. कान लावला तर घुमल्यासारखं ऐकू येतं. ती थरथर आहे तोवर मशीन आहे, मशीन आहे तोवर माणूस आहे. मिलिंद सकाळी उठला की डोळे उघडायच्या आधी उजव्या हाताची बोटं डाव्या हातावर ठेवायचा. बाकीचं जग त्यानंतर. ती थरथर माझ्याही बोटांना माहीत झाली होती, आणि आता ती मला सोडत नाही. एस.टी. थांब्यावर उभी असते, इंजिन चालू असतं, मी चढताना दांडा धरते... आणि हात काढून घेते. दांड्यातून नेमकी तीच थरथर येते. मागची माणसं ओरडतात, "ओ ताई, चढा की वर!"

मी वाढले पत्रकांवर. आमच्या घरात देवाचे फोटो नव्हते; होते ते बाबासाहेबांचे आणि बुद्धाचे, आणि त्यांच्या खाली पत्रकांचे गठ्ठे. आबांचं ट्रेडल मशीन लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात. पोट चालायचं ते लग्नपत्रिकांवर आणि पावतीपुस्तकांवर, पण उरलेल्या कागदावर आबा स्वतःच्या खर्चानं जगाला सुधारत. हुंडा देऊ नका. अंगात येणाऱ्या बाईला आधी डॉक्टरकडे न्या. मेलेल्या माणसाची रक्षा नदीत सोडू नका, झाडाच्या मुळाशी घाला. मी वाचायला शिकले ती याच वाक्यांवर. 'नका' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होता.

मिलिंद आला तो नव्वदच्या दशकात, मास्तरकीचा कोर्स करत असताना. त्याच्या कॉलेजातल्या वसतिगृहात पाण्याची टाकी वेगळी ठेवली होती त्याविरुद्ध पत्रक छापायला. आबांनी मजकूर वाचला आणि 'नम्र विनंती' हे शब्द घातले. मिलिंदनं ते खोडले. आबांनी पुन्हा घातले. "काका, पाणी आमच्या हक्काचं हाय. हक्काला नम्र कशापायी व्हायचं?" आबांनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "चहा सांग. हे प्रकरण आता रोज येणार." आलंच. बिंदू चौकात आम्ही पत्रकं वाटायचो तेव्हा लोक दोन पावलांवर बोळा करून टाकून देत. मला राग यायचा. मिलिंद तो बोळा उचलायचा, मांडीवर सरळ करायचा, आणि त्या माणसाच्या मागं पळत जाऊन म्हणायचा, "पावणं, तुमचं पडलं." एकदा तर एकाच माणसाला त्यानं तीनदा दिलं. तिसऱ्या वेळी त्या माणसानं उभ्या-उभ्या वाचून काढलं आणि म्हणाला, "आता तरी सोडशील का रं बाबा?"

पन्हाळ्याच्या बाजूला एका शाळेत तो मास्तर म्हणून लागला. दोन वर्षं झाली असतील, पाय सुजायला लागले. चप्पल सैल घे, पायी कमी चाल, असं सगळ्यांनी सांगितलं. रक्तदाब कुणी मोजलाच नाही. पंचविशीतल्या पोराचा कोण मोजतो? मोजला तेव्हा दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. डाव्या मनगटाजवळ त्याचा पहिला फिश्चुला, म्हणजे धमनी-शिरेचा तो जोड, झाला. गल्लीला फिश्चुला म्हणजे भगंदर एवढंच ठाऊक होतं, त्यामुळे शेजारच्या एका म्हातारीनं त्याला बसायला मऊ उशी पाठवून दिली. मिलिंदनं ती परत केली नाही. "असू दे की, मशीनवर चार तास बसायचं असतंय," म्हणाला. शाळेतल्या पोरांना रांगेत उभं करून त्यानं स्वतःचा हात दाखवला, एकेकाला बोट ठेवू दिलं, आणि अंगात येणं आणि अंगात रक्त फिरणं यातला फरक समजावला. त्या हातावर वजन घ्यायचं नाही, घड्याळ बांधायचं नाही, त्या कुशीवर झोपायचं नाही, रक्तदाब त्या हाताला मोजू द्यायचा नाही. एका धरण्यात पोलिसानं नेमका तोच दंड धरला. मिलिंद शांतपणे म्हणाला, "साहेब, ह्या हाताला अटक करू नका, ह्याला जामीन मिळत न्हाय." पोलिसानं दचकून हात सोडला, आणि मग बिचारा लांबूनच "चला, चला" करत राहिला.

डायलिसिसच्या खोलीनं मिलिंदला आणखी एक पत्रक लिहायला लावलं. त्याच्या शेजारच्या मशीनवर कागलकडची एक बाई यायची. मिलिंदपेक्षा थोडी मोठी, कायम डोक्यावर पदर घेऊन, सुई टोचतानाही पदर न सोडणारी. खोलीतल्या दोन पुरुषांना याच काळात किडनी मिळाली, एकाला बायकोनं दिली, एकाला आईनं. मिलिंदनं त्या बाईला विचारलं, तुमच्या घरात कोण देतंय? ती हसली. "मला कोण काढून देतंय मास्तर? म्हस असतो तर कुणीतरी इचार केला असता." पुढच्या आठवड्यात तिची खुर्ची रिकामी. त्याच्या पुढच्याही. सिस्टर म्हणाली, "त्यांनी यायचं थांबवलं." थांबवलं... जणू शिवणाचा क्लास होता. मिलिंद तिथून सरळ छापखान्यात आला, हातावर कापसाची पट्टी तशीच, आणि उभ्यानं लिहायला लागला. नवऱ्याला बायको देते, लेकाला आई देते, भावाला बहीण देते. बाईला कोण देतं? घेण्याआधी तिला विचारा. चार माणसांत नाही, एकटीला विचारा. मी प्रुफं तपासली, आबांनी छापलं, आणि दवाखान्याच्या फाटकाबाहेर आम्ही वाटलं. त्यातला एकही शब्द मला आजही मागं घ्यायचा नाही. ज्या समाजात बाईनं शेवटची भाकरी पुरुषाच्या ताटात वाढायची असते, तो समाज तिचं मांसही तसंच वाढून घेतो आणि त्याला माया म्हणतो. हे तेव्हा खरं होतं, आता आहे.

पण ते पत्रक निघालं आणि त्याच पावसाळ्यात मिलिंदची धाकटी बहीण सुजाता कुरुंदवाडहून आली, कुणाला न सांगता रक्त तपासून घेतलं, आणि रिपोर्ट भावाच्या मांडीवर ठेवला. जुळत होतं. मावशींना साखर होती, त्यांचं डॉक्टरांनी आधीच नाकारलं होतं. वडील नव्हते. माझा रक्तगट जुळत नव्हता, त्यामुळे माझ्या तत्त्वांची परीक्षाच झाली नाही. उरली सुजाता; दोन लहान पोरं, म्हशी, शेतातली कामं असलेली. मिलिंदनं रिपोर्टची घडी घातली आणि म्हणाला, "न्हाय." बाईच्या त्यागावर जगणाऱ्यांविरुद्ध लिहायचं आणि स्वतःच बहिणीची किडनी घालून फिरायचं, हे त्याला जमणार नव्हतं. आबा घरी येऊन म्हणाले, "माणूस बोलला तसा वागला. किती जण वागतात?" मलाही अभिमान वाटला. मावशी तेवढ्या भिंतीकडं तोंड करून बसून राहिल्या.

मग सगळं त्या हातावर आलं. मनगटाजवळचा फिश्चुला तीनेक वर्षं चालला आणि आटला. कोपराजवळ दुसरा केला, तो लवकर गेला. उजव्या हाताच्या शिरा पहिल्या आजारपणातच सलाइन लावून लावून संपल्या होत्या. तिथं एकदा प्रयत्न झाला, काही हाती लागलं नाही. शेवटी डाव्या दंडात कातडीखाली एक कृत्रिम नळी बसवली, एक टोक धमनीला, एक शिरेला. तिला सगळे शंट म्हणायचे. शंटचं दुखणं असं की नळी जिथं शिरेला मिळते तिथं आतून जाडी धरत जाते, वाट अरुंद होते. मग हात सुजतो, सुई काढल्यावर रक्त थांबत नाही, मशीन ओरडत राहतं. बोटाखाली थरथर होती तिथं ठोका लागायला लागतो. फुगा घालून ती वाट रुंद केली, काही महिने बरं चाललं, पुन्हा तेच. तेव्हा हृदयाचं काम करणाऱ्या एका डॉक्टरांनी सुचवलं की हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात तशा जातीची धातूची जाळी, स्टेंट, इथं बसवून बघू. फुगा काढला की वाट मिटते, जाळी ती आतून धरून ठेवते. "पण मास्तर," डॉक्टर म्हणाले, "जाळीच्या आतसुद्धा पुन्हा जाडी धरू शकते. मी तुम्हाला वेळ वाढवून देतोय. पेपर तुम्हालाच सोडवायचाय." बहीण तयार आहे हे त्यांना माहीत होतं.

जाळी बसली. हात पुन्हा गुणगुणायला लागला, आणि मिलिंदमध्ये वारं शिरलं. सूज उतरली, शाळा सुरू झाली. जाळी असलेल्या जागी सुई टोचायची नव्हती, म्हणून त्यानं बॉलपेननं दंडावर चौकट आखून आत छापील अक्षरात लिहिलं, 'येथे सुई लावू नये. हुकुमावरून.' नवी सिस्टर आली की आधी हसायची, मग टोचायची. सुजाताचा फोन आला की तो म्हणायचा, "बघ, जाळी बसली. आता कशाला तुझी किडनी? लोखंडी काम हाय, टिकतंय." मला हे लिहिताना अजून त्रास होतो. त्या जाळीनं त्याला जगवलं यात शंका नाही, एक आख्खं वर्ष आणि त्यावर थोडं, पोरांच्या दोन बॅचेस, किती पत्रकं, किती भांडणं. पण तिनं त्याला 'नाही' म्हणत राहायची सोयही करून दिली. हात चालू आहे तोवर उत्तर द्यायची घाई नव्हती. आम्हालाही नव्हती. त्याच्या दंडावर बोट ठेवायचं, थरथर लागली की निघायचं.

वर्षानं ठोका परत आला. जाळीच्या आतच जाडी धरली होती. ही बातमी कुरुंदवाडला पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुजाता थेट डायलिसिसच्या खोलीत आली. मी त्याच्याजवळ बसले होते. तिनं पिशवी खाली ठेवली, मशीनकडं बघितलं, दोन्ही नळ्यांकडं बघितलं, आणि म्हणाली, "बरं झालं. आता चार तास तुला पळून जाता येत न्हाय." मिलिंद हसला. ती हसली नाही. पिशवीतून तिनं ते पत्रक काढलं, घडीवर फाटायला आलेलं. "चार माणसांत न्हाय, एकटीला इचारा. तूच लिवलंयस न्हवं? मला कवा इचारलंस? चार माणसांतबी न्हाय आन् एकटीलाबी न्हाय. परस्पर न्हाय म्हणून मोकळा झालास."

"सुजा, मी तुझ्यासाठीच न्हाय म्हणतोय."

"माझ्यासाठी व्हय म्हणायला मी हाय. न्हाय म्हणायलाबी मीच हाय. तू मधी कोण? बाबांनी माझं लगीन मला न इचारता ठरवलं, तवा तू घर डोक्यावर घेतलं हुतंस. ते न इचारता व्हय म्हणलं, तू न इचारता न्हाय म्हणालास. फरक काय रं?"

सिस्टर आली. "हळू बोला, बाकीचे पेशंट आहेत." पलीकडच्या मशीनवरचे एक आजोबा म्हणाले, "बोलू द्या की सिस्टर. टीव्ही तर कवापासनं बंदच हाय." सुजातानं त्यांच्याकडं बघितलं, आणि मग माझ्याकडं. "आन् तू गं? बाई हायस तू. छापताना तुझंबी डोस्कं चाललं न्हाय?" मिलिंदनं डोळे मिटले. मशीनचा दाब वाढला आणि ते ओरडायला लागलं, टेक्निशियन धावत आला, आणि आम्हाला दोघींना बाहेर काढलं. बाहेरच्या बाकावर सुजातानं डबा उघडला आणि मला अर्धी भाकरी दिली. राग असला तरी ती जेवताना दुसऱ्याला सोडत नाही.

त्यानंतर मिलिंद आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. शाळेत गेला, मशीनवर गेला, घरी आला. मग एके दिवशी दुपारी छापखान्यात येऊन आबांना म्हणाला, "काका, जरा मशीन थांबवा," आणि मोबाइल काढला. "सुजा, एकटी हायस का? ... म्हशींपाशी? बरं. मग ऐक. मला तुझी किडनी पायजे. देतीस का?" इतका वेळ पलीकडून काही आलं नाही की मला वाटलं फोन कट झाला. मग तिचा आवाज, मलाही ऐकू येईल एवढा मोठा. "इचार करून सांगतो." आमच्याकडं बायकासुद्धा 'सांगतो-जातो'च म्हणतात. मिलिंदनं फोन खाली ठेवला आणि इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत काका? आजवर काढलेल्या पत्रकांत हे एकच लागू पडलं."

आठ दिवस ती काही बोलली नाही. मावशींचा जीव टांगणीला लागला. त्यांना फोन करायचा होता, मिलिंदनं करू दिला नाही. "तिचा इचार चालूय. त्यात आपण तोंड घालायचं न्हाय." आठ दिवसांनी ती एस.टी.नं एकटी आली, पाय धुतले, जेवायला बसली, आणि दुसरी भाकरी मोडताना म्हणाली, "देतो." मावशी तिथंच रडायला लागल्या. मिलिंद म्हणाला, "नीट इचार केलास ना?" ती म्हणाली, "केला की. मी मेलो तर पोरांचं काय, इथनं सुरुवात केली. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी इचारलं हुतं. मग सगळाच केला." त्या आठ दिवसांबद्दल मी मिलिंद गेल्यावर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, त्यानं काही फरक पडला नाही. पुढं तपासण्यांना, कागदांना, पुण्याची तारीख मिळायला महिने लागणारच होते. मी सुजाताला ते सांगितलं. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, सांगितलं. मावशींनीही सांगितलं. ती ऐकून घेते, आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारते, "आठ दिवस लई झालं का गं?"

दुसरी जाळी बसवली ती पहिलीच्या पुढं, खांद्याच्या दिशेनं. या वेळी डॉक्टर एवढंच म्हणाले, "हिला तारखेपर्यंत चालवू." मिलिंदनं दंडावरची चौकट वाढवून घेतली. रोज सकाळी तो हातावर बोटं ठेवायचा आणि कुरुंदवाडला मिस कॉल द्यायचा. एक मिस कॉल म्हणजे हात चालू आहे. तारीख ठरली. पुण्याला राहायची सोय झाली. सुजातानं पोरांना सासूकडं ठेवायचं ठरवलं, शाळेनं रजा मंजूर केली... आणि एका सकाळी मिलिंदनं बोटं ठेवली तर खाली काहीच नव्हतं. मावशींनी कान लावला. मग मला फोन केला. जाळ्यांसकट सगळा शंट रक्तानं गोठला होता. उघडायचा प्रयत्न झाला, उघडला नाही. मशीनसाठी मानेत नळी घातली, नळीतून ताप आला, ताप रक्तात गेला. रक्तात जंतू असताना किडनी बसवत नाहीत. तारीख पुढं ढकलली. मूळ तारीख आली त्या दिवशी आम्ही रक्षा गोळा करत होतो.

पुण्यानुमोदनाला भन्तेजी आले, त्रिसरण झालं, लोक त्याच्याबद्दल बोलले. पण मला आठवते ती त्याआधीची स्मशानातली सकाळ. रक्षा नदीत सोडायची नाही हे आमच्यात सांगावं लागत नाही. ती सुजाताच्या शेतात आंब्याच्या आळ्यात घालायची होती. राख गार झाली होती. मावशी हातानंच चाळत होत्या, आणि त्यांच्या बोटांत काहीतरी आलं. तारेचं, बोटाएवढं, विणल्यासारखं, काळं पडलेलं. मग दुसरं. सगळा माणूस जळून गेला होता आणि त्याचा रस्ता उघडा धरून ठेवणाऱ्या त्या दोन जाळ्या तशाच होत्या, तोंडं उघडी ठेवून, आतून काहीतरी जायचं बाकी असल्यासारख्या. मावशींनी एक उचलली, राख फुंकली, आणि कानाला लावली. दाजींनी तोंड फिरवलं. बऱ्याच वेळानं मावशी म्हणाल्या, "न्हाय," आणि ती परत राखेत ठेवली. दोन्ही जाळ्या आम्ही आळ्यात पुरल्या.

हे छापायच्या आधी सुजाताला विचारायला हवं होतं, म्हणून मागच्या आठवड्यात कुरुंदवाडला गेले. ती सोप्यात बसली होती, गाल सुजलेला, डोळे ओढलेले. दाढ ठणकत होती, दोन दिवस झोप नव्हती. दाजी माझ्या समोरच मेडिकलमधून आले आणि त्यांनी पाकीट फोडून गोळी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती परत त्यांच्या हातावर ठेवली.

"अगं, दुखायची गोळी हाय साधी."

"डॉक्टरनी सांगितलंय, ह्या गोळ्या घ्यायच्या न्हाईत. किडनीला वाईट असत्यात."

दाजींना पुढचं बोलायचं नव्हतं, पण बोलले. "ते ऑपरेशन हुईस्तोवर हुतं, सुजा. आता कुणासाठी?"

ती त्यांच्यावर ओरडली नाही. लवंग दाढेखाली धरली, आणि डावी कूस जराशी हातानं झाकून म्हणाली, "डावी काढणार हुते. ती मी देतो म्हणलोय. इचार करून म्हणलोय. त्यो न्यायला आला न्हाय म्हणून ती माझी हुती व्हय?"

दाजी गोळी परत पाकिटात सरकवायला लागले. फोडलेल्या पाकिटात ती काही बसेना. सुजातानं तांब्या उचलला आणि उभ्यानं सगळं पाणी पिऊन टाकलं, सांगितलेलं पथ्य पाळावं तसं. मग माझ्याकडं वळली. "हं. काय लिवलंयस, ते वाच."

मी वाचलं. मधे एकदा ती उठली, तांब्या पुन्हा भरून आणला, आणि प्याली.